एका तोळ्याची गोळी

बुलढाण्याहून खामगावला निघालं की बोथ्याचा घाट लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. या भागात दोन-अडीच किलोचा ससा आहे आणि रोहीही आहे. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर २४० किलोपर्यंत भरतो. या दोघांच्या मध्ये काळवीट, चिंकारा, रानडुक्कर, बिबट आणि अस्वल. आता सांगा, इथे एकच रायफल आणि एकाच जातीचं काडतूस घेऊन निघायचं, तर कोणतं?

शिकारीला परवाना मिळायचा त्या काळी मचाणावर आणि शेकोटीभोवती हा वाद रात्र-रात्र चालायचा. अमेरिका-आफ्रिकेतले शिकारी आजही त्यावर हातघाईला येतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू वादाचं कारणच संपलं. ते संपलं हे फार चांगलं झालं, असं मला मनापासून वाटतं. पण त्या बोटभर पितळी नळीत इतिहास, भाषा आणि राजकारण इतकं ठासून भरलंय, की ती एकदा उघडून बघायलाच हवी.

सोनाराच्या तराजूत

गोळीचं वजन जगभर ‘ग्रेन’मध्ये सांगतात. हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून आलं. इंग्रजांनी आपला तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. आणि .३०-०६ या जगातल्या बहुधा सगळ्यात लाडक्या ‘सबकुछ’ काडतुसात शिकारी जी गोळी सर्रास घालतात, तीही १८० ग्रेनची. म्हणजे नेमकी एक तोळा!

एकदा ही किल्ली हाती आली की बाकीचा हिशेब सराफ कट्ट्यावर बसून करता येतो. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. फौजेच्या थ्री नॉट थ्रीची गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा माशांच्या घरात. आपल्या देशी .३१५ ची २४४ ग्रेनची, एक तोळा सव्वाचार मासे. आफ्रिकेत हरणापासून हत्तीपर्यंत चालणारी म्हणून नावाजलेली .३७५ घेतली, तर तिची ३०० ग्रेनची गोळी एक तोळा आठ मासे. आणि शाळेत एनसीसीत असताना पोटावर झोपून जी ‘पॉइंट टू टू’ झाडली, तिची गोळी पावणेतीन माशांचीसुद्धा नव्हती. पहिला बार झाल्यावर तेवढ्याशा गोळीनंही कान कसे वाजले होते, ते ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक.

गोव्याकडून आलेला शब्द

‘काडतूस’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या ‘कार्तुशु’चं मराठी तोंडात काडतूस झालं. पिस्तूलही त्याच गलबतातून उतरलं. काडतुसाच्या आतली नावं मात्र आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत: दारू, गोळी आणि तळाची टोपी. घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते, दारू भडकते, गोळी सुटते. पितळेची नळी त्या क्षणी किंचित फुगून मागची वाट बंद करते, म्हणून जाळ चालवणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. पितळ वापरण्याचं खरं कारण ते. चकाकी हा फुकटचा लाभ.

नाव एक, माप दुसरं

काडतुसाच्या नावातल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. .३१५ ची गोळी प्रत्यक्षात .३२३ इंचांची असते, .३०३ ची .३११ च्या आसपास. रायफलीच्या नळीला आतून पिळाच्या चरी असतात. कुणी चरीच्या तळापासून मोजतं, कुणी कडेपासून, म्हणून हा घोळ. .३०-०६ मधला ‘०६’ तर मापच नाही. ते १९०६ हे साल आहे!

बाराबोरची तऱ्हा आणखी न्यारी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत अचूक बसेल, ती बाराबोर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. आकडा वाढला की भोक लहान.

सरकारनं निवडलेलं काडतूस

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. कोणत्या जनावराला कोणती गोळी, हे जनावराकडे बघून ठरतं असं आपल्याला वाटतं. हिंदुस्थानात ते बऱ्याचदा सरकारच्या भीतीनं ठरवलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाघ आणि गव्यासाठी .४५० बोअरच्या दोननळी रायफली जोरात होत्या. पण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची नळीही .४५० चीच. या बंदुका बंडखोरांच्या हाती पडल्या आणि बाजारात त्यांना गोळ्या मिळाल्या तर? १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थान आणि सुदानात .४५० ला बंदी घातली. लंडनच्या बंदूकवाल्यांचा धंदा अडला. त्यांनी हात-पाय न गाळता किंचित फरक केला आणि .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी बाळं जन्माला घातली. त्यातली .४७० आजही आफ्रिकेत हत्तीच्या शिकाऱ्यांची मानाची रायफल आहे. तिच्या जन्मामागे हत्ती नाही, हिंदुस्थानातला एक सरकारी हुकूम आहे.

थ्री नॉट थ्रीचंही तेच. ती फौजेची, म्हणून रयतेला मनाई. मग नागरी रायफलीसाठी काय द्यायचं? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी १८९० च्या आगेमागे तयार झालेलं ८ मिलिमीटरचं मॅनलिखर काडतूस उचललं गेलं आणि त्याचं इथलं नाव पडलं .३१५. इंग्लंडच्या बीएसए कंपनीनं ते ली-एन्फिल्डच्या घडणीत बसवलं. पुढे इछापूरच्या सरकारी कारखान्यानं .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली, ती परवानाधारकांच्या घरोघर गेली. हे काडतूस जिथे जन्मलं त्या युरोपात ते कधीच मागे पडलं. ते साम्राज्यही १९१८ मध्ये संपलं. भारतात मात्र .३१५ अजून तयार होतं. व्हिएन्नाच्या सम्राटाच्या शिपायाची गोळी वऱ्हाडातल्या पाटलाच्या खुंटीवर येऊन टांगली गेली, ती अशी. ‘सगळ्या जनावरांना एकच’ म्हणून इथे .३१५ चं नाव निघतं, कारण सामान्य परवान्यावर सहज हाती लागणारी मोठी देशी रायफल हीच होती.

शेजारचे कारखाने

मलकापूरहून भुसावळकडे निघालात आणि मुक्ताईनगर ओलांडलंत की वरणगाव लागतं. तिथला आयुध कारखाना फौजेच्या रायफलींची काडतुसं बनवतो. त्याहून थोरला पुण्याजवळच्या खडकीचा, १८६९ चा. बाराबोरच्या काडतुसावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसली, तर ती खडकीची खूण. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाली आणि हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेले. तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

युद्धात गुन्हा, शिकारीत दंडक

कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात थ्री नॉट थ्रीसाठी मऊ नाकाची गोळी तयार झाली. अंगात शिरली की ती फुलासारखी पसरायची. जखम इतकी भयंकर, की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरायला मनाई झाली. शिकारीत नेमकं उलट. अनेक देशांत शिकाऱ्याला पसरणारीच गोळी वापरावी लागते. पूर्ण कवचाची कडक गोळी आरपार निघून जाते आणि घायाळ जनावर झुडपात जाऊन दोन-दोन दिवस तडफडत मरतं. काडतुसाच्या सगळ्या वादात मला हा एकच मुद्दा खरा वजनदार वाटतो. मारणं क्षणात संपलं पाहिजे, यापुढे बाकीचे आकडे गौण आहेत.

सव्वानऊ माशांचा धडा

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला शिकारी जिम कॉर्बेटनं १९०७ मध्ये मारलं. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. हे काडतूस म्हणजे मुळातलं ७ मिलिमीटरचं माउझर. १४० ग्रेनची गोळी, म्हणजे सव्वानऊ मासे. मोठ्या जनावरांच्या हिशेबात ही चिल्लीपिल्ली. पण १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या कॉर्बेटनं याच रायफलीनं टिपला. तो जनावर ओळखायचा, वाट बघायचा आणि खात्री नसेल तर चाप ओढत नसे. पुढे त्याच माणसानं बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला.

शिकार हुकली? इतिहास सापडला

बुलढाण्याचा घाट अजिंठ्याच्या डोंगररांगेचाच. याच रांगेत २८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेचा जॉन स्मिथ वाघाच्या मागावर फिरत होता. वाघूर नदीच्या वळणावर त्याला कड्यात एक कमान दिसली. ती अजिंठ्याची लेणी! दहाव्या लेण्यात त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही वाचता येते. चित्रावर नाव कोरणं वाईटच. आणि ‘वाघूर’ म्हणजे काय? शिकाऱ्याचं जाळं.

ज्यांना काडतूस लागलंच नाही

बुलढाण्याच्या माळरानांची नस ओळखणारे खरे शिकारी म्हणजे फासेपारधी. ‘सगळ्यांना एक’ ही कल्पना त्यांच्या विद्येत बसतच नाही. तितराचा फासा वेगळा, लाव्याचा वेगळा, हरणाचा त्याहून निराळा. पाऊलवाट, वारा, पाण्याची जागा, पाखराची हाक, या सगळ्यांचा अभ्यास त्या दोरीच्या गाठीत असतो. चित्तापारधी तर चित्ते पकडून त्यांना काळविटाच्या शिकारीला तयार करायचे. कोल्हापूर दरबारातही चित्त्यांनी शिकार होत असे आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान त्या शहराला ठाऊक होते.

साहेब दहा-दहा वाघ मारून बंगल्याच्या भिंती सजवत होता, तेव्हा तितर धरणाऱ्या पारध्याच्या कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का बसत होता. १८७१ च्या त्या कायद्याची बेडी ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली, पण गावकुसाबाहेरचा संशय अजून गेलेला नाही. या माणसांच्या रानविद्येचा उपयोग जंगल राखायला करून घेतला पाहिजे. जिथे तसं झालं, तिथे फायदा जंगलाचाच झाला.

रोही गेला अमेरिकेत

रोही ऊर्फ नीलगाय. नावात गाय असली तरी जात कुरंगाची, आणि आशियातल्या कुरंगांत ही सगळ्यात मोठी. १९२०-३० च्या दशकांत काही नीलगायी टेक्सासच्या किंग रँचवर नेऊन सोडल्या. तिथलं हवामान त्यांना मानवलं आणि आता त्यांची संख्या हजारोंनी आहे. ‘नीलगायीला कोणतं काडतूस पुरेल?’ यावर तिथे गंभीर चर्चा होतात. चिवट जनावर आहे, .३०-०६ पुरते की .३७५ च हवी, असा घोळ चालतो. आपला काळवीटही टेक्सासात मुबलक आहे.

आणि इथे?

इथे रोही संध्याकाळी अभयारण्यातून उतरतो आणि हरभऱ्यात, तुरीत, सोयाबीनमध्ये शिरतो. डुकरं मका आडवा करून जातात. मग शेतकरी रात्री जागलीला. माळ्यावर कंदिलाऐवजी आता बॅटरी, हातात गोफण, खिशात सुतळी बॉम्ब, बांधावर जुन्या साड्या, आणि परवडलंच तर झटका मशीन. कायद्याच्या कलम ११ खाली, नुकसान करणाऱ्या रोही-डुकराला मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात. सरकारी कागदावर तिला ‘पारध’ म्हणतात. पण परवाना, बंदूक आणि अंधारात नेमका नेम, हे तिन्ही एका शेतकऱ्याकडे कुठून येणार? २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. बहुतेकांकडे एकही नाही. पिकाची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर कितीतरी रागाची धार उतरेल.

वॉकर

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर घालून सोडला गेला. अभ्यासकांच्या वहीत त्याचं नाव टी१सी१, लोकांनी ठेवलेलं वॉकर. जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगण बघून आला, नद्या-महामार्ग ओलांडले आणि सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत दाखल झाला. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढेपर्यंत त्याची चाल ३,००० किलोमीटरवर गेली होती. इथे असताना त्यानं रोही आणि डुकरं मारून पोट भरलं. जोडीदारीण काही मिळाली नाही. पुढे २०२१ मध्ये तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात दिसला.

एवढ्या वाटचालीत सलग जंगल त्याच्या वाट्याला थोडंच आलं. बाकी सगळी कपाशी, तूर, सोयाबीन, नाले आणि गावाकडचे रस्ते. दिवसा तो एखाद्या ओढ्याच्या झाडीत पडून राहायचा आणि अंधार पडला की निघायचा, जागलीला बसलेल्या माणसांच्या माळ्यांजवळून.