फोटो पांढरा का पडतो?

गावात आता नवा डिजिटल कॅमेरा येतो. कुणी घरच्या लग्नासाठी घेतो. कुणी बचत गटाच्या कामासाठी घेतो. पहिल्याच दिवशी दहावीस फोटो निघतात. मग पडद्यावर पाहावे तर काय? आभाळ पांढरेफटक. धोतर, टोपी, भिंत, सगळे एकच पांढरे. माणसाच्या कपाळाला जणू चुना फासलेला. लोक म्हणतात, "कॅमेरा खराब निघाला!"

थांबा. घाईने दुकानात धावू नका. बहुतेक वेळा कॅमेरा चांगलाच असतो. त्याची एखादी कळ किंवा आकडा भलत्या जागी असतो.

ही गोष्ट नुसत्या हौसेची नाही, बरं का. गारपिटीने पीक आडवे झाले, पावसाने भिंत पडली, तर आपण अर्जाला फोटो जोडतो. त्या फोटोत नुसता पांढरा डाग असला तर तो काय सांगणार? भिंत पुन्हा बांधली की तो फोटो पुन्हा काढता येत नाही.

कॅमेऱ्याच्या आत काय असते?

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नसते. भिंगामागे एक लहानशी पट्टी असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो बारीक कप्पे असतात. एकेक कप्पा म्हणजे एकेक घागर समजा. उजेड म्हणजे पाणी. घागर रिकामी राहिली, तर तिथे काळे दिसते. अर्धवट भरली, तर करडे दिसते. काठोकाठ भरली, की पांढरे दिसते. आणि भरून वाहू लागली, तरी पांढरेच! वाहून गेलेले पाणी मोजता येत नाही. म्हणून धोतराच्या चुण्या आणि भिंतीची भेग हरवते. मागाहून फोटो कितीही गडद केला, तरी ती भेग परत येत नाही. अति तेथे माती, ती अशी.

उजेड तीन गोष्टींनी कमीजास्त होतो. पहिली गोष्ट भिंगातले छिद्र. ते म्हणजे नळाची तोटी. याचा आकडा मात्र उलटा चालतो. आकडा लहान, तर छिद्र मोठे. दुसरी गोष्ट शटर. तोटी किती वेळ उघडी ठेवायची, ते शटर ठरवते. तिसरी गोष्ट आयएसओ. हा आकडा वाढवला, की कॅमेरा थोडाही उजेड वाढवून दाखवतो.

कॅमेरा कसा फसतो?

कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही आणि धोतरही कळत नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम करडे असावे, असे तो धरून चालतो. काळी म्हैस फोटोभर आली, की त्याला वाटते, फार अंधार आहे. तो उजेड वाढवतो. मग म्हैस करडी होते आणि मागचे आभाळ पांढरे पडते. अंधाऱ्या दारात पांढऱ्या टोपीचा माणूस बसला, तरी तसेच होते.

मग काय करावे?

एकेक गोष्ट तपासा. प्रत्येक वेळी एक फोटो काढून पाहा.

१. वरची चकती पाहा. ती 'एम'वर असेल, तर सगळे आकडे तुम्हालाच ठरवावे लागतात. ती 'ऑटो' किंवा 'पी'वर आणा.

२. आयएसओ पाहा. रात्रीच्या भजनात ३२०० केला आणि सकाळी तसाच राहिला, असे फार होते. उन्हात तो १०० किंवा असेल तो सर्वांत लहान आकडा ठेवा.

३. अधिक-उणे अशी खूण असलेली कळ पाहा. तिथे शून्य हवे. शून्यावरही फोटो पांढरा पडला, तर उणे १ करा. उजेड निम्मा होतो.

४. उजेड मोजण्याची रीत पाहा. ती एकाच ठिपक्यावर असेल, तर पूर्ण चित्रावर आणा.

५. जवळच्या माणसावर फ्लॅश मारू नका. सहासात फूट मागे सरा, नाहीतर फ्लॅश बंद करा.

६. पडद्यावर विसंबू नका. पडदाच फार उजळ ठेवलेला असू शकतो. डोंगरासारखी आलेखाची आकृती उघडा. डोंगर उजव्या काठाला चिकटून उंच चढला असेल, तर समजा, घागरी वाहून गेल्या.

काही सापडले नाही, तर मेनूत जाऊन 'रीसेट' करा. सगळे आकडे कारखान्यातून आले तसे होतात.

शेवटची परीक्षा

एवढे करूनही फोटो पांढराच येतो? तुमच्या कॅमेऱ्यात 'एम' असेल, तर स्वच्छ उन्हात ही परीक्षा घ्या. आयएसओ १००, छिद्र ८, आणि शटर सेकंदाचा ४००वा भाग ठेवा. ऊन पाठीवर घ्या आणि समोरच्या झाडाचा फोटो काढा. फोटो चांगला आला, तर कॅमेरा धड आहे. तेव्हा वरच्या सहा गोष्टी पुन्हा तपासा. फोटो तरीही पांढरा पडला, तर छिद्राची पाती किंवा शटर अडकले असेल. कॅमेरा स्वतः खोलू नका. पावती आणि हमीचा कागद घेऊन दुकानात जा. हा फोटोही दाखवा. म्हणजे दुकानदाराला तुमचे म्हणणे लगेच पटेल.

एक सवय मात्र लावून घ्या. महत्त्वाचा फोटो एकच काढू नका. एक शून्यावर, एक उणे १ वर, असे दोन काढा. थोडा गडद आलेला फोटो पुष्कळदा उजळ करता येतो. जळून पांढरा झालेला फोटो कुणालाच सुधारता येत नाही.