सेकंदाला वीस लाख

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. निरोगी माणसाच्या हाडांतली मज्जा तेवढ्या तांबड्या पेशी ५६ सेकंदांत घडवते. सेकंदाला सुमारे २० लाख, दिवसाला १७ हजार कोटींच्या वर. एकेक पेशी १२० दिवस टिकते, म्हणजे कोणत्याही क्षणी अंगात २० लाख कोटींहून अधिक पेशी फिरत असतात. एवढी शून्ये आपण एरवी केंद्राच्या अर्थसंकल्पातच पाहतो.

आता दुसरी बाजू. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताच्या शरीरात रोज साधारण १ हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असा हिशेब १९९६ साली ॲलन पेरेलसन, डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मज्जा सतरा पटींनी पुढे! शिवाय हा विषाणू तांबड्या पेशींत शिरतही नाही. तरी एचआयव्हीच्या रुग्णांत रक्तक्षय फार आढळतो.

कारण विषाणू कच्चा माल अडवतो. रोजच्या पेशींसाठी २० मिलिग्रॅमहून जास्त लोह लागते. जेवणातून अंगी लागते जेमतेम १-२ मिलिग्रॅम. बाकी सगळे जुन्या पेशी मोडून मिळते. दीर्घ संसर्गात शरीरात दाह सतत धुमसत राहतो, यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि मोडीतून आलेले लोह साठ्यातच अडकते. अंगात लोह आहे, मज्जेला मात्र मिळत नाही. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी फारसे साधत नाही. क्षयरोग जोडीला असला की हे आणखी बळावते. काही वेळा औषधही कारण असते: १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन विषाणूला रोखते, पण मज्जेलाही दाबते. सध्याच्या नेहमीच्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर यांच्या एकत्रित गोळीत ते नाही.

मला सर्वांत फसवा वाटतो तो तांबड्या पेशींच्या घसरणीचा वेग. मज्जा आज पूर्ण बंद पडली, तरी रोज १२०वा हिस्साच कमी होईल. दर डेसिलिटर रक्तातले १४ ग्रॅम हिमोग्लोबिन आठवड्यात एका ग्रॅमनेही उतरणार नाही. उत्पादन चौथ्या हिस्स्याने घटले, तर १३चे पावणेदहा व्हायला चार महिने लागतील. तोवर माणूस जिना चढताना लागणाऱ्या धापेचा दोष वयाला देतो, घरचे म्हणतात जेवण कमी पडतेय.

म्हणून एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात गेल्यावर हिमोग्लोबिन किती, मागच्या वेळी किती होते, हे दोन्ही विचारा. पुरुषांत १३च्या आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२च्या खाली आले, तर कारण शोधायला सांगा. आणि थकवा आला म्हणून एआरटीच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. विषाणू दबला की पुष्कळांचे हिमोग्लोबिन आपोआप वर येते.