कोळंबी मरायला लागली? पाण्याचं दार उघडण्याआधी तळ्याकाठी चाचणी करा

सकाळी चेक ट्रे वर काढला आणि खाद्य तसंच पडलेलं दिसलं, की कोळंबी करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्यात चार-दोन कोळंब्या बांधाच्या कडेला सुस्त पोहताना दिसल्या, तर विचारूच नका. अशा वेळी अनेकजण दोनपैकी एक गोष्ट करतात. दुकानातून औषध आणून ओततात, नाहीतर पाणी बदलायला खाडीकडचं दार उघडतात. रोग पांढऱ्या ठिपक्यांचा असेल, तर पहिल्याने आपले पैसे जातात आणि दुसऱ्याने शेजाऱ्याचं तळं.

म्हणून ‘हा नेमका कोणता रोग?’ याचं उत्तर तळ्याच्या काठावरच, त्याच दिवशी मिळणं गरजेचं आहे. झटपट चाचण्या त्यासाठीच आहेत. पण त्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घेतलं तरच उपयोग.

रोग काय आहे?

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका विषाणूमुळे होतो. १९९२-९३ च्या सुमारास तो पूर्व आशियात दिसला आणि १९९४-९५ मध्ये भारताच्या किनाऱ्यावर पोचला. तेव्हा आपल्याकडे टायगर कोळंबी होती. २००९ पासून व्हनामी आली, पण विषाणूने पाठ सोडली नाही. रोग उसळला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळं पीक जाऊ शकतं. औषध नाही. प्रतिजैविकं विषाणूवर चालतच नाहीत. उलट त्यांचा अंश मालात सापडला, तर निर्यातीचा माल परत येतो तो वेगळाच.

नावावर जाऊ नका. व्हनामीत पुष्कळदा ठिपके दिसतच नाहीत, अंग फक्त लालसर पडतं. ठिपके दुसऱ्या कारणांनीही येतात. नुसत्या डोळ्यांनी निदान करणं म्हणजे अंदाज.

आणखी एक. विषाणू फक्त कोळंबीत राहत नाही. खेकडे आणि इतर कवचधारी जीवही तो बाळगतात, आणि खाडीचं पाणी सगळ्यांचं एकच. तेरेखोल नदी काही अंतर महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द आहे, पण भरती-ओहोटीला हद्द कळत नाही. सिंधुदुर्ग असो, गोव्याची खाजनं असोत की कारवार-कुमट्याकडची तळी, एकाने सोडलेलं पाणी दुसऱ्याच्या दाराशी येतं.

आधी ऑक्सिजन बघा

किट उघडण्याआधी हे करा. पहाटे एकदम मर झाली, मासे किंवा कोळंबी पृष्ठभागावर आली, मोठी आधी मेली, तर संशय ऑक्सिजनवर घ्या. एरेटर चालू करून सुधारणा होते का ते पाहा. आज थोडी, उद्या त्याहून जास्त अशी मर वाढत गेली आणि खाणं सुटलं, तर रोगाचा संशय धरा.

काठावरची चाचणी चालते कशी?

कोविडच्या काळात घरी केलेली किट आठवा. तत्त्व तेच. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातली प्रथिनं ओळखणारी प्रतिपिंडं किटमध्ये असतात. कोळंबीचे कल्ले थोड्या द्रावणात चिरडायचे, त्याचे थेंब पडद्यावर किंवा पट्टीवर टाकायचे. विषाणू पुरेसा असेल तर रंगाचा ठिपका किंवा रेघ उमटते. काम काही मिनिटांचं. वीज नको, यंत्र नको.

अशा चाचणीवर आपल्या शेजारीच महत्त्वाचं काम झालं आहे. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी प्रतिपिंडांवर आधारलेली ठिपका-चाचणी तयार केली आणि कुंदापूर व कुमट्याच्या कोळंबी फार्मांवर ती पीसीआरशी ताडून पाहिली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुंदापूरच्या ज्या फार्मांवर दोन्ही चाचण्या शेवटपर्यंत निगेटिव्ह राहिल्या, तिथलं पीक काढणीपर्यंत पोचलं. जिथे पॉझिटिव्ह आल्या, तिथे ते पूर्ण होऊ शकलं नाही. म्हणजे काठावरच्या ठिपक्याकडे बघून निर्णय घेता येतो, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसलं आहे.

दुसरा प्रकार विषाणूचं डीएनए शोधणारा. प्रयोगशाळेतली पीसीआर यातलीच, पण तिला वर-खाली तापमान करणारं यंत्र लागतं. ‘लॅम्प’ नावाची पद्धत जपानी संशोधकांनी २००० मध्ये मांडली. ती ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानावर चालते, साधारण तासाभरात रंग बदलून निकाल देते. गरम ठेवणारी छोटी पेटी असली की पुरे. ही पट्टीपेक्षा जास्त सूक्ष्म, पण हात आणि साधनं स्वच्छ नसली तर खोटं पॉझिटिव्हही येतं.

निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त नव्हे

पट्टीला विषाणू बऱ्यापैकी लागतो. लागण नुकतीच झाली असेल तर ती गप्प बसते. अशा वेळी दोन टप्प्यांची पीसीआरच खरी. म्हणून हॅचरीतून बीज घेताना पट्टीवर विसंबू नका, पीसीआर अहवाल मागा. पट्टी कामाची ती तळ्यात काहीतरी बिघडलंय असं वाटतं तेव्हा.

दुसरा प्रश्न, किती नग तपासायचे? बीजाच्या लॉटमध्ये शंभरात दोनच रोगट असतील, तर त्यातला एक तरी हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तेव्हा सुमारे १५० नग घ्यावे लागतात. शंभरात पाच रोगट असतील तर ६० पुरतात, दहा असतील तर ३०. हा हिशोब चाचणी अचूक आहे असं धरून. पाच-दहा पिल्लं तपासून ‘लॉट क्लीन आहे’ म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

तळ्यात मात्र उलटं. तिथे सरसकट नको. कडेला आलेली, सुस्त, लालसर अशी जिवंत कोळंबी निवडा. मरून कुजलेली घेऊ नका.

पॉझिटिव्ह आलं तर

– पाण्याचं दार बंद. गोव्यातल्या मानशीला फळ्या घाला, गळती बुजवा. पाणी बाहेर सोडू नका, आतही घेऊ नका.
– कोळंबी विकण्याजोगी असेल तर पाणी न सोडता जाळ्याने काढा. हा रोग माणसाला होत नाही. ताजी काढलेली कोळंबी शिजवून खायला हरकत नाही. पण धुतलेलं पाणी आणि टरफलं खाडीत टाकू नका.
– मग तळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून पाणी निदान आठवडाभर कोंडून ठेवा. मात्रा मत्स्य अधिकाऱ्याला विचारूनच ठरवा.
– मेलेली कोळंबी चुना टाकून पुरा. जाळी, बादल्या, पाय, सगळं निर्जंतुक करा. एका तळ्याची बादली दुसऱ्यात नको.
– जमेल तर नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. पट्टी हा पहिला संशय, शिक्का प्रयोगशाळेचा.

शेजाऱ्याला सांगणं सगळ्यात अवघड

इथेच गाडी अडते. ‘रोग आलाय’ म्हटलं की व्यापारी भाव पाडतो, म्हणून माणूस गप्प राहतो. रात्री दार उघडून पाणी सोडतो. पुढच्या भरतीला तेच पाणी दुसऱ्या कुणाच्या तळ्यात शिरतं, आणि त्या माणसाला कळतं ते चार-पाच दिवसांनी, चेक ट्रे उचलल्यावर.

याला उत्तर आहे ते एकत्र येण्याचं. एका खाडीवरच्या पाच-दहा फार्मांनी मिळून किट आणून ठेवल्या, निकाल एकमेकांना त्याच दिवशी सांगायचे ठरवलं, तर बाकीचे निदान आपलं दार वेळेत बंद करू शकतात. हद्द ओलांडून फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.

सरकारी यंत्रणाही आहे. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अॅप आलं. त्यावरून कोणत्याही राज्यातला शेतकरी रोगाची माहिती कळवू शकतो. गोड्या पाण्यात रोहू-कटला करणाऱ्यांनाही ते लागू आहे. माशांच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या तर त्यावरच कळवा.

किट रोग बरा करत नाही. ती वेळ मिळवून देते. त्या वेळात पहिलं काम दार बंद करायचं, दुसरं फोन उचलायचं.