खुर्च्या किती होत्या?

निवडणुकीचा वकील म्हटलं की लोकांना कोर्टातली जुगलबंदी आठवते. माझा नोव्हेंबर 2024 खुर्च्या मोजण्यात गेला.

प्रचार कार्यालयाच्या मागच्या खोलीत टेबल, टेबलावर खर्चाची नोंदवही. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. विधानसभेची मर्यादा 40 लाख. अख्ख्या प्रचारात एका माणसाला 10,000 रुपयांच्या वर रोख द्यायची नाही. चेक पुढे केला की स्पीकरवाल्याचा चेहरा पडतो.

निवडणूक आयोगाच्या निरीक्षकांकडेही एक वही असते. सभेचं चित्रीकरण बघून, जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे ती भरतात आणि प्रचारात तीनदा आमच्या वहीशी ताडून बघतात. दुसऱ्या वेळी आमच्याकडे 900 खुर्च्या, त्यांच्याकडे 1,400. नोटीस आली. उत्तराला 48 तास.

मंडपवाल्याला बोलावलं. त्यानं बिलबुकाचं कोरं पान पुढे सरकवलं. ‘‘साहेब, तुम्ही सांगाल तो आकडा टाकतो.’’ मी गोडाऊनची चलनं मागवली. टेम्पोच्या दोन खेपा, 1,250 खुर्च्या. तेवढ्याच लिहिल्या.

उमेदवार भडकले. ‘‘वकीलसाहेब, तुम्ही आमचे की त्यांचे?’’

मी त्यांना उत्तर प्रदेशातल्या उमलेश यादव यांची गोष्ट सांगितली. पेपरातल्या पैसे देऊन छापवलेल्या मजकुराचा खर्च दाखवला नाही म्हणून 2011 साली आयोगानं या आमदारबाईंना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. ते गप्प झाले; पटलं असं नाही.

खरं तर त्यांचा राग अगदीच अस्थानी नव्हता. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरायला सांगितलं, तर सरकारनं काही दिवसांत वटहुकूम काढून तो निकाल निकामी केला. वटहुकुमानं पक्षाच्या खर्चाला दिलेली सूट पुढे 2003 साली आवळली, तरी स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर आजही पक्षाच्या खात्यात. मंडपाचा वाटा मात्र उमेदवार व्यासपीठावर दिसला की त्याच्या अंगावर. म्हणून मी सांगत होतो, मोठ्या सभेला वर चढू नका. ते चढले, हारही घातला.

23 तारखेला निकाल लागला. आम्ही पडलो. पडलेल्यालाही 30 दिवसांत हिशेब द्यावाच लागतो. उमेदवारांचा फोन बंद, फलक उतरवलेले. मी आणि हिशेबनीस दोघंच, आठवडाभर चहावाल्याचं एक बिल शोधत होतो.