सान अँद्रेस: बेट कुणाचं, समुद्र कुणाचा?

आज आपण कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या प्रांताची ओळख करून घेणार आहोत. नाव मात्र लांबलचक: सान अँद्रेस, प्रोविदेन्सिया आणि सांता कातालिना. हा कोलंबियाचा प्रांत. पण नकाशा उघडला की पहिलीच गोष्ट खटकते. कोलंबियाची मुख्यभूमी इथून ७०० किलोमीटरहून लांब आणि निकाराग्वाचा किनारा २०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बेट एकाच्या दारात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर! हे कसं झालं, आणि त्यात तिथल्या माणसांचं काय झालं, ते बघू.

आधी भूगोल. तिन्ही बेटांची जमीन मिळून ५० चौरस किलोमीटरच्या थोडी वर. सान अँद्रेस हे प्रवाळाच्या चुनखडीचं, सखल बेट. तिथे नदी नाही. भूजल आणि पावसाचं साठवलेलं पाणी हाच मुख्य आधार. प्रोविदेन्सिया ज्वालामुखीतून झालेलं, म्हणून डोंगराळ. सांता कातालिना त्याला खेटूनच आहे, मधे फक्त एक पादचारी पूल.

आता माणसं. १६२९-३० च्या सुमारास इंग्लंडचे प्युरिटन पंथी लोक प्रोविदेन्सियावर वसाहत करायला आले. कापूस-तंबाखूची लागवड सुरू झाली आणि त्यासाठी आफ्रिकी गुलाम आणले गेले. १६४१ मध्ये स्पेनने ती वसाहत मोडली. पुढे हेन्री मॉर्गनसारख्या चाच्यांनीही या बेटाचा तळ म्हणून वापर केला. अठराव्या शतकात जमैका वगैरे भागांतून मळेवाले आपल्या गुलामांसह पुन्हा आले. आजचे मूळ बेटकरी मुख्यतः या सगळ्यांचे वंशज. ते स्वतःला 'रायसाल' म्हणवतात. स्पॅनिशमध्ये 'राइस' म्हणजे मूळ. त्यावरून हा शब्द आला. त्यांची बोली इंग्रजीवर आधारलेली क्रिओल आणि धर्म बहुतांशी बाप्टिस्ट ख्रिस्ती.

बाप्टिस्ट कसे झाले? फिलिप बीकमन लिव्हिंग्स्टन या बेटावरच्याच माणसाने १८३४ मध्ये आपल्या घरचे गुलाम मुक्त करून त्यांना जमीन दिली. कोलंबियात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८५१ च्या कायद्याने, म्हणजे बऱ्याच नंतर. याच लिव्हिंग्स्टनने पुढे सान अँद्रेसवर चर्च उभं केलं. सुरुवातीला तो चिंचेच्या झाडाखाली लोकांना लिहायला-वाचायला शिकवायचा, असं सांगतात. मुक्त झालेल्या लोकांनी नारळ लावले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारळाची जहाजं अमेरिकेला जात होती. बेट छोटं, पण जमीन आपली आणि पोट आपल्या हातात, अशी परिस्थिती होती.

मग बिघडलं कुठे? १८२२ मध्ये बेटकऱ्यांनी नव्याने स्वतंत्र झालेल्या ग्रान कोलंबियाशी नातं जोडलं. पुढची कित्येक दशकं राजधानी लांबच राहिली. विसाव्या शतकात मात्र सरकारला या लोकांना 'कोलंबियन' करायची घाई झाली. शाळा कॅथलिक मिशनऱ्यांकडे गेल्या, शिक्षण स्पॅनिशमध्ये आलं. त्यानंतर १९५३ मध्ये लष्करशहा रोहास पिनिया याने सान अँद्रेसला करमुक्त बंदर जाहीर केलं. विमानतळ झाला, स्वस्त परदेशी मालाची दुकानं लागली, आणि मुख्यभूमीवरून लोकांचा लोंढा आला. आकडे बघा: १९५१ च्या जनगणनेत या बेटांवर ६,००० पेक्षा कमी माणसं होती, १९६४ मध्ये १६,००० च्या वर. अवघ्या तेरा वर्षांत! नारळीच्या बागांच्या जागी हॉटेलं आली. आज एकूण लोकसंख्येत रायसाल निम्म्याहूनही कमी आहेत.

१९९१ च्या राज्यघटनेने थोडी भरपाई केली. बेटांना पूर्ण प्रांताचा दर्जा मिळाला, त्यांची भाषाही तिथली अधिकृत भाषा ठरली, आणि त्याच वर्षीच्या हुकुमाने बाहेरच्यांच्या कायम वास्तव्यावर निर्बंध आले. आजही तिथे राहायला परवाना लागतो. पर्यटकालाही प्रवेशपत्र घ्यावं लागतं. पण तोवर गर्दी होऊन गेली होती.

जमिनीचं हे झालं, समुद्राचं वेगळंच. १९२८ च्या करारात निकाराग्वाने ही बेटं कोलंबियाची मानली होती. पुढे त्याने तो करार नाकारला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९ नोव्हेंबर २०१२ चा निकाल असा: बेटं कोलंबियाची, पण भोवतालच्या समुद्राचा मोठा भाग निकाराग्वाचा. ज्या पाण्यात बेटकऱ्यांचे आजे-पणजे मासे धरत होते, त्यातलं बरंचसं एका रेषेपलीकडे गेलं. तिथल्या पारंपरिक मासेमारीचा हक्क कोलंबियाने मांडला, पण २०२२ मध्ये न्यायालयाने तो सिद्ध झाला नाही असं म्हटलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खटला दोन देशांमधला. या न्यायालयात पक्षकार म्हणून फक्त राष्ट्रांनाच उभं राहता येतं. ज्याची होडी त्या पाण्यात जाते, त्या रायसाल कोळ्याला स्वतःच्या नावाने दाद मागायची सोय तिथे नाही. करमुक्त बंदर ठरवताना राजधानी बोलली, समुद्र वाटताना दोन सरकारं बोलली.

म्हणून या बेटांकडे पाहताना निळ्याशार पाण्याच्या जाहिरातीपाशी थांबू नये. 'हा प्रदेश कोणत्या देशाचा?' याचं उत्तर न्यायालयाने देऊन टाकलं आहे. 'तिथल्या निर्णयांत तिथल्या माणसांचा वाटा किती?' हा रायसालांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.