डोंगराआडच्या लहरी आणि नवा आरसा

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली आगगाडी सालेकसा मागें टाकून दरेकशाच्या डोंगरांत शिरते, तेव्हां एखाद्या प्रवाशाचें दूरध्वनीवरील संभाषण मध्येंच तुटलें, तर त्यांत नवल नाहीं. बिनतारी लहरी प्रकाशाच्याच जातीच्या. डोंगर आडवा आला कीं त्यांचीहि सावली पडते. लांब लहरी थोडाफार वळसा घालून पलीकडे उतरतात; आखूड लहरींना तें साधत नाहीं. अशा सावलींत एखादें खेडें वसलेलें असेल, तर साप चावलेल्या माणसासाठीं रुग्णवाहिका बोलाविणेंहि तेथें कठीण होतें.

ही सावली उजळण्याचा एक उपाय सध्यां जगभर अभ्यासिला जात आहे. ‘पुनर्रचनाक्षम बुद्धिमान पृष्ठभाग’ हें त्याचें भारदस्त नांव. पण मूळ कल्पना घरगुतीच आहे. अंगणांतील मूल आरशानें घरांतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत कवडसा पाडतें, तसाच हा प्रकार. येथें आरसा मात्र काचेचा नसतो. एका सपाट फलकावर धातूचे लहान लहान तुकडे ओळीनें बसविलेले असतात. प्रत्येक तुकड्याला एक सूक्ष्म डायोड जोडलेला असतो. त्याचा विद्युद्दाब बदलला कीं त्या तुकड्यावरून परतणारी लहर किंचित् पुढें किंवा मागें सरते. ज्या दिशेला सर्व तुकड्यांच्या लहरी एकाच तालांत पोहोंचतात, त्या दिशेला त्यांचें बळ एकवटतें. लेझमीचा ठेका जुळला कीं नाद दूरवर जातो, तसें. डोंगरमाथ्यावर साधे धातूचे फलक उभारून लहरी वळविण्याची युक्ति जुनीच आहे. परंतु ते एकाच दिशेस खिळलेले असतात. नवा फलक जागचा न हलतां आपला कवडसा फिरवूं शकतो. युरोपांतील दूरसंचार मानक संस्थेनें ह्या विषयासाठीं २०२१ सालीं स्वतंत्र गट नेमला, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ च्या भावी आराखड्यांतहि त्याचा समावेश झाला.

मग दरेकशाच्या टेकडीवर असा फलक लावला म्हणजे काम झालें काय? येथें थोडें गणित करावें लागतें. दोन तुकड्यांतील अंतर साधारणतः अर्ध्या लहरीइतकें असतें. २६ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेअकरा मिलिमीटरांची. म्हणून एक चौरस मीटर फलकावर सुमारें ३०,००० तुकडे मावतात. रानावनांतून दूर जाणारी ७०० मेगाहर्ट्झची लहर मात्र सुमारें ४३ सेंटिमीटरांची. तेवढ्याच फलकावर तिच्यासाठीं वीस-पंचवीसच तुकडे बसतात. तिला बळकटपणें वळवावयाचें तर फलक फारच मोठा हवा. शिवाय मनोऱ्यापासून फलकापर्यंत आणि फलकापासून गांवापर्यंत, अशा दोन्ही टप्प्यांत लहरीची शक्ति क्षीण होत जाते. म्हणून फलक मनोऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या निकट असलेला बरा.

यावरून ह्या साधनाचें खरें स्थान कळतें. शहरांतील रेल्वेस्थानक, रुग्णालय, मोठें सभागृह, जेथें मनोरा जवळ आहे आणि केवळ भिंत आड येते, तेथें हा आरसा उपयोगी पडेल. परंतु सालेकसा-देवरीच्या रानांतील ज्या दरींत मनोऱ्याची लहर मुळांतच पोहोंचत नाहीं, तेथें आधीं मनोराच हवा. हा फलक नवी लहर निर्माण करीत नाहीं. आलेल्या लहरीलाच वळण देतो. आरसा कितीहि शहाणा झाला, तरी तो दिवा नव्हे. नव्या शोधाचें कौतुक अवश्य करावें. मात्र त्याच्या आशेवर दिवा लावण्याचें काम लांबणीवर टाकूं नये.