कापसाला गॅस, गिट्टीला डिझेल

पवनारच्या शेतकऱ्याने मालवाहू पिकअप घेताना आधी माल पाहावा, मायलेज नंतर. कापूस जागा खातो, वजन देत नाही; हौदा भरतो तेव्हाही इंजिनावर फारसा ताण नसतो. वर्धा किंवा सेलूच्या बाजारापर्यंत त्याला सीएनजी पुरते. टाटाची २०२२मध्ये आलेली इन्ट्रा व्ही२० सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालते, पण पेलते १,००० किलो. त्याच वर्षीची डिझेल योद्धा २.० पेलते २,००० किलो. गिट्टी, सिमेंट, सोयाबीनची पोती असतील तर डिझेलच! डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही ओढ भरपूर मिळते.

मात्र बीएस-६ डिझेल गाडी नुसती गावातल्या गावात फिरवू नये. धुरातली काजळी धरणारी जाळी साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापावे लागते; अधूनमधून नागपूरची फेरी तिला मानवते. सीएनजीचे दुखणे वेगळे: सुमारे २०० बार दाबाची टाकी, तिची ठरावीक मुदतीने चाचणी आणि पंपावरची रांग. जवळ खात्रीचा पंप नसेल तर स्वस्त गॅसचा हिशेब कागदावरच राहतो.